कंदीलवाला : भाग पहिला की दुसरा?

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं लिहिता येईल. एका खंडेनवमीला मी गेमच्या सीडीला हळदीकुंकू लावलं, आणि लावलं तेही चकचकीत बाजूला.

माझं गणित सरळ होतं. विळीची पूजा होते, शिलाई मशीनची होते, ह्यांच्या पान्या-पकडीची होते, मग ज्याच्यावर माझं दुकान चालतं त्याची का नको? मॉनिटरला बोटं ओढून झाली, कीबोर्डला झाली, राहिल्या सीड्या. सीडीच्या एका अंगाला चित्र आणि अक्षरं, दुसरं अंग आरशासारखं. चमकतं ते तोंड, आणि कुंकू तोंडाला लावायचं असतं, एवढी अक्कल मी चालवली. दुकानातल्या सगळ्यात भारी सीडीला पहिला मान दिला. ओल्या बोटानं हळद, वर कुंकू, वर अक्षता. तेवढ्यात कोयरीतलं कुंकू संपलं, म्हणून बाकीच्या सीड्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. कुंकू वाळून घट्ट बसलेलं. मी समया घासायचं फडकं घेतलं, त्याला पितळेची पावडर लागलेलीच होती, आणि चांगली दाबून दाबून सीडी पुसली. तिच्यावर बारीक गोल रेघांची नक्षी उमटली. मला ती आवडलीसुद्धा.

तेव्हा मी चाळिशीत होते, आणि आपल्याइतकी कॉम्प्युटर कळणारी बाई अख्ख्या सिडकोत दुसरी नाही, अशी माझी खात्री होती. आज त्या बाईची गाठ पडली तर मी तिला चहा पाजून घरी पाठवून देईन आणि शटर ओढून घेईन.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. हे चिकलठाण्याच्या कारखान्यात, मुलगा शिकायला पुण्यात. घराच्या पुढच्या खोलीला शटर होतं आणि तिथं माझा टायपिंगचा क्लास चालायचा. टायपिंगचे दिवस भरत आले तसे मी मशीनं विकून पाच कॉम्प्युटर घेतले आणि गेम पार्लर काढलं. पार्लर म्हणजे काय, ते हल्ली समजावून सांगावं लागतं. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, हातोहाती मोबाइल नव्हते. माणसं तासाच्या भाड्यानं कॉम्प्युटरवर बसून खेळायची. पाच खुर्च्या, एक पंखा, दारात चपलांचा ढीग. माझं काम घड्याळ बघायचं, वेळ संपली तरी न उठणाऱ्याला उठवायचं आणि पोरांच्या आयांना "अहो, त्यानं डोकं तल्लख होतं" असं पटवायचं. शिवाय लाईट जायच्या आधी ओरडायचं, "सेव्ह करा रे!" सेव्ह म्हणजे जिथवर खेळलात तिथं खूण ठेवायची. खूण ठेवली नाही आणि लाईट गेली, की पुन्हा पहिल्यापासून. लाईट कधी जाणार ते मला पंख्याच्या आवाजावरून कळायचं, एवढं एक कसब मात्र माझ्यात खरोखर होतं.

बहुतेक गिऱ्हाईक मारामारीचे नाहीतर गाड्या पळवायचे गेम खेळायचं. पण एक तिसरी जात असते, साहसकथेच्या गेमची. त्यात हात चालवून भागत नाही, डोकं आणि तोंड चालवावं लागतं. पडद्यावर एक माणूस असतो. त्याला आपण फिरवायचं, दिसेल ती वस्तू उचलून पिशवीत टाकायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे पडद्यावर तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. योग्य माणसाशी योग्य बोललात, योग्य वस्तू योग्य जागी वापरलीत, की गोष्ट पुढं सरकते. नाहीतर बसा दोन-दोन आठवडे एका दाराशी.

असल्या एका गेमचे दोन भाग माझ्याकडं होते. इंग्रजी नाव खोक्यावर होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. त्यातला नायक हातात कंदील घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला कंदीलवाला म्हणायचे. हा एका बुडत चाललेल्या किल्ल्यात आपल्या हरवलेल्या उस्तादाला शोधत फिरतो, हा पहिला भाग. उस्ताद सापडतो आणि पुन्हा हरवतो, हा दुसरा. या वयात हरवायची सवय लागलेला उस्ताद मला कधीच पसंत पडला नाही, पण ते असो.

आता मूळ वाद. पहिला भाग फ्लॉपीवर आला होता, एकदा कॉम्प्युटरमध्ये भरला की कायमचा आत. चित्रं ठिपक्यांची, कंदीलवाल्याचं तोंड म्हणजे सात ठिपके. आवाज नाही, सगळं बोलणं खाली अक्षरांत. आणि स्वभावानं हा भाग म्हणजे खाष्ट सासू. किल्ल्याच्या दारावर एक दरवान असतो. तो प्रश्न विचारतो आणि बाजूला एक मेणबत्ती जळायला लागते. ती विझायच्या आत उत्तर दिलं नाही, तर दरवान तुम्हाला खंदकात ढकलतो. चुकीचं दिलं तर कधी ढकलतो, कधी हसून सोडतो. उस्तादाचा पत्ता लागेपर्यंत असे दरवान पावलोपावली.

दुसरा भाग सीडीवर आला. त्यात समुद्र असा काढला होता की पोरं खुर्चीवरून पाय वर घ्यायची. आणि सगळी माणसं खरीखुरी बोलायची. आवाज सीडीवर असायचा, सीडी आत नसेल तर सगळे मुके. तोच दरवान याही भागात होता, पण म्हातारा झालेला, मऊ पडलेला. इथं कुणी मरत नव्हतं. चुकलात तर समोरचा नुसता खाकरायचा आणि पुन्हा विचारायचा. गप्प बसलात तर तोही गप्प उभा राहायचा, तुम्ही जेवून आलात तरी तिथंच.

मी पहिल्या भागाची. कारण अगदी क्षुद्र आहे. तो मी स्वतः सात महिने खपून, कुणालाही न विचारता पुरा केला होता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर किल्ल्याचे नकाशे काढले होते. भाजीला फोडणी टाकायची, करपायला लागली की ह्यांना हाक मारायची, आणि आपण दरवानासमोर. ज्याला इतक्या हालात पार केलं तोच गेम थोर, असं माणसाचं असतं. दुसरा भाग खेळणाऱ्याला मी उघड म्हणायचे, "बाळा, दुपट्यात खेळतोस का?"

माझ्या बाजूनं एकच भक्कम माणूस होता, वैजापूरचे कांद्याचे एक व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. शहरात काम निघालं की दोन तास माझ्याकडं. पहिल्या भागात एका दुकानात दोर घ्यावा लागतो आणि दुकानदार बदल्यात कंदीलवाल्याचे बूट मागतो. कॉलेजची झाडून सगळी पोरं बूट देऊन मोकळी व्हायची आणि पुढं काट्याच्या रानातून अनवाणी, रडतखडत चालायची. मीही तशीच गेले होते. शेठनी बूट द्यायला नकार दिला आणि दुकानाबाहेर पडले. परत आत गेले, परत नकार. मी मागं उभी राहून म्हटलं, "शेठ, गेम आहे, द्या की बूट." ते म्हणाले, "काकू, दुकानदार पहिल्यांदा बोलतो तो भाव नसतो, ती त्याची हौस असते." चौथ्यांदा बाहेर पडताना दुकानदारानं त्यांना हाक मारली आणि कंदीलवाल्याच्या कोटाच्या एका बटणावर दोर दिला. गेम बनवणाऱ्यानं ही वाट ठेवली होती, पण ती सापडायला मोंढ्याच्या बाजारात उभं राहिलेला माणूस लागला. त्या दिवशी पार्लरमधली शिकली-सवरलेली पोरं शेठच्या खुर्चीमागं रांगेनं उभी होती.

दुसऱ्या भागाची सीडी आली तेव्हा मी जाहिरात म्हणून दाराशी फळा लावला, "बोलणारा गेम आला आहे." तो वाचून एक मुलगी आत आली. पंचविशीची असेल. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लेण्यांची चित्रं असलेली कार्डं.

"काकू, बोलणारा म्हणजे काय बोलतो?"

"इंग्रजी."

"लई बोलतो का थोडं?"

"बसून बघ. त्याला गप्प करायचं बटण आहे, पण ते मी कुणाला सांगत नाही."

ही प्रज्ञा. वेरूळची. लेण्यांच्या दाराशी पुस्तकं आणि कार्डं विकायची. बीए झालेली, इंग्रजी वाचायची पटापट, बुद्धाच्या लेण्यांतली एक-एक मूर्ती तोंडपाठ. कुणीतरी पाहुण्यांना "हे सगळं राक्षसांनी एका रात्रीत खोदलं" असं सांगताना ऐकलं, की हिचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून तिला गाइड व्हायचं होतं, परवान्याची. लेखी परीक्षा ती पास झाली होती. तोंडीत नापास.

"साहेबांनी नाव विचारलं, ते सांगितलं," ती मला म्हणाली. "पुढचं समदं येत होतं काकू. तोंडच उघडलं नाय. खाली बघत बसले. मग ते म्हणले, या आता."

दुसरी तोंडी दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी होती. घरात ठरलं होतं, की यंदाही नाही झालं तर करमाडला मामाकडं राहायचं आणि शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं. काम वाईट नव्हतं, पगार वेळेवर होता. पण जिला लेण्यातला दगड न् दगड ओळखतो, तिनं खोकी चिकटवत बसायचं, हे मला खुपलं. तिला किती खुपत होतं, ते ती बोलत नव्हती. न बोलणं हेच तिचं दुखणं होतं.

आठवड्यातून तीन दिवस ती वेरूळहून जीपनं यायची. तिची खेळायची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पडद्यावर चार वाक्यं आली की आधी एक निवडून ती स्वतः मोठ्यानं म्हणायची, मग बटण दाबायची आणि कंदीलवाला तेच कसं म्हणतो ते कान देऊन ऐकायची. पुन्हा म्हणायची. शेजारची पोरं पहिले दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवशी एकानं तिला "ताई, हे वाक्य काय आहे?" म्हणून विचारलं. मी मात्र टोमणा मारायची संधी सोडली नाही. "पहिला भाग खेळ म्हणजे कळेल. इथं काय, दरवानसुद्धा आजोळचा आहे." ती म्हणाली, "असू द्या की काकू. लेण्यात रोज परकेच भेटतात."

आणि मग मी त्या सीडीला हळदीकुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली, सीडी घातली. कंदीलवाल्यानं तोंड उघडलं आणि आतून नुसतं खर्रर्र. चित्र हलेना, आवाज येईना. माझी जीभ तयार होती. म्हटलं, "ड्राइव्ह बिघडला असेल." तिनं शेजारच्या मशीनमध्ये घातली. खर्रर्र. "याचाबी बिघडला?" मी म्हटलं, "हवाच खराब आहे आज." हे वाक्य मी खरोखर बोलले. लिहिताना आजही कान गरम होतात.

तिनं सीडी काढून ट्यूबलाईटकडं धरली. मधल्या भोकाच्या कडेला हळद राहिली होती.

"काकू, हे पिवळं काय हाय?"

"हळद."

"सीडीचं लगीन होतं का?"

मग मी सगळं सांगितलं, फडक्यासकट. ती हसली नाही, ओरडलीही नाही. सीडी खोक्यात नीट ठेवली, पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "दहा दिवस राहिलेत." एवढंच. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. गुलमंडीपासून स्टेशनपर्यंत मी सगळ्या दुकानांत विचारून आले. मारामारीच्या गेमच्या नकला ढिगानं पडल्या होत्या, कंदीलवाला एकाकडंही नव्हता. मुंबईहून मागवायचा तर महिना लागणार.

पुढच्या खेपेला ती आली ती निरोप घ्यायच्या तयारीनं. मी म्हटलं, "पहिला भाग शिल्लक आहे."

"तो मुका हाय ना काकू."

"आवाज मी काढते."

माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही काठावर पास झालेलं. पण दुसऱ्या भागातला तो दरवान मी इतक्यांदा ऐकला होता की त्याचा खाकरा, त्याचं शब्द ओढत बोलणं, सगळं मला येत होतं. प्रज्ञाला पहिल्या भागावर बसवली, मी मागं उभी राहिले आणि खालची अक्षरं दरवानाच्या आवाजात वाचू लागले. मेणबत्ती पेटली. प्रज्ञा चारही वाक्यं वाचत बसली. मेणबत्ती विझली. धपकन् खंदकात.

"गप्प का बसलीस?"

"उत्तर जुळवत होते."

"मेणबत्ती थांबते का जुळवाजुळवीला?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. तासाभरात ती इतक्यांदा मेली की मी मोजणं सोडून दिलं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, तोही उशिराच. ज्या मुलीचं दुखणं गप्प बसणं, तिला मी महिनाभर असा गेम भाड्यानं देत होते, ज्यात गप्प बसलं तर काहीच होत नाही. तिचे उच्चार सुधारले होते, कान तयार झाला होता. पण समोरचा थांबणार नाही म्हटल्यावर तोंड उघडायचं, ते दुसऱ्या भागानं शिकवलंच नव्हतं. हे मला सीडी शाबूत असताना सुचलं असतं तर मी हुशार. तसं झालं नव्हतं. सीडीचं वाटोळं केल्यावर दुसरा उपाय उरला नाही म्हणून सुचलं.

दिवस थोडे उरले म्हणून ती आता रोज यायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली. पोरं चपला शोधत बाहेर पडली. प्रज्ञा जीपचे पैसे खर्चून आलेली, तशीच बसून राहिली. मी घरात जाऊन वाढदिवसाच्या केकवर लावतात तसली बारकी मेणबत्ती आणली, बंद कीबोर्डशेजारी बशीत उभी केली आणि पेटवली.

"हे काय काकू?"

मी दरवानाच्या आवाजात विचारलं, "हू मेड धिस केव्ह?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मेणबत्तीनं मान टाकायला सुरुवात केली. "बोल," मी म्हटलं, "नाहीतर मेलीस." ती बोलली. पहिलं वाक्य मोडकंतोडकं, दुसरं त्याहून वाईट, तिसऱ्यापासून गाडी रस्त्याला लागली. भिक्षू कुठं झोपायचे, पाणी कुठं साठवायचे, छताच्या फासळ्या लाकडी कामासारख्या का कोरल्या, हे ती भराभर सांगत सुटली. मला अर्धं कळत नव्हतं. मी आपली दरवानासारखी खाकरत होते आणि पुढचा प्रश्न टाकत होते. प्रश्न संपले तेव्हा मी विचारलं, "व्हेअर इज माय रोप?" त्यालाही तिनं उत्तर दिलं. लेण्यात दोर बांधायला परवानगी नाही म्हणाली, सभ्य इंग्रजीत.

मग रोज मेणबत्ती. डबी संपली तेव्हा दुसरी आणली. शेवटच्या दिवशी जाताना ती म्हणाली, "परवा तोंडी." मी म्हटलं, "जा आणि बोल. चुकलीस तर चुकलीस." घरात आल्यावर मात्र मी ह्यांना म्हटलं, "पोरगी नापास झाली तर माझ्या हळदीनं झाली." हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आणि पास झाली तर सगळ्या सिडकोला सांगशील, तुझ्या शिकवणीनं झाली." इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याबद्दल कधी चुकला नाही.

त्यानंतर ती आलीच नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. वेरूळला जाऊन विचारावं असं चार वेळा मनात आलं, पण बसमध्ये बसायचा धीर होईना. जी बाई पोरीला मेणबत्ती दाखवून "बोल नाहीतर मेलीस" म्हणत होती, तिला स्वतःला एक प्रश्न विचारायचं भ्या वाटत होतं. दरम्यान मुंबईहून दुसऱ्या भागाची नवी सीडी आली.

माझी नात आज दोन्ही भाग लॅपटॉपवर खेळते आणि विचारते, "आजी, खरं सांग, कोणता चांगला?" मी तिला लांबलचक भाषण देते. मेणबत्तीचं सांगते, शेठच्या बुटांचं सांगते. खरं उत्तर मला त्यानंतरच्या एका गुरुवारी मिळालं होतं, ते मी तिला सांगत नाही. इथं सांगते, कारण दिवाळी अंक ती वाचत नाही.

त्या गुरुवारी प्रज्ञा आली. मला नमस्कार केला, नवी सीडी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि तीन नंबरच्या मशीनवर जाऊन बसली. दुसरा भाग सुरू केला. अर्धा तास ती माझ्याकडं पाठ करून खेळत होती. मी काउंटरवर बसून एकच फडकं चार वेळा धुऊन वाळत घातलं. शेवटी न राहवून म्हटलं, "अगं, निकालाचं काय?"

"थांबा की काकू, हा माणूस बोलतोय." तिनं त्या म्हाताऱ्या दरवानाचं वाक्य पुरं होऊ दिलं, सेव्ह केलं, खुर्ची माझ्याकडं वळवली आणि म्हणाली:

"पास झाले. एका साहेबानं विचारलं, लेण्यात कुणी चक्कर येऊन पडलं तर काय करशील. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पयल्यावानी तोंड मिटलं, मग म्हणलं, बोल बाई. बोलले. अर्धं चुकलं. साहेब हसले आन् पुढचं विचारलं. तुमच्या पहिल्या भागात इतक्यांदा मेले काकू, तिथं मरायचं भ्याच उरलं नव्हतं. पण गेम म्हणाल तर दुसराच भारी हाय, तुम्ही उगं हट्ट करता."